व्याह्यांचं खानदानी आडनाव

माझ्या व्याह्यांचं आडनाव मी इथे सांगणार नाही. त्या आडनावाची माणसं सगळ्या जगात इतकी थोडी आहेत की नुसतं आडनाव घेतलं तरी बोट थेट त्यांच्याच घरावर जातं. हे मला त्यांनीच सांगितलंय. जेवताना सांगितलंय, गाडीत सांगितलंय, मी कपडे वाळत घालत असताना दोरीच्या पलीकडे उभं राहून सांगितलंय. "व्हेरी रेअर," म्हणायचे. मला आधी वाटलं यांना काहीतरी आजार आहे. माझी लेक नर्स, तिच्या तोंडी हा शब्द आजाराबरोबरच यायचा.

व्याही म्हणजे माझ्या जावयाचे वडील. न्यूझीलंडचे गोरे, उंच, पाठ एकदम ताठ, बायको वारलेली. टौरंगाच्या बंदरावर साहेब होते, तिथून रिटायर झाले. रिटायर झालेल्या माणसाला वेळ घालवायला काहीतरी लागतं. कुणी भाज्या लावतं, कुणी गळ टाकून मासे धरतं. यांनी आडनाव धरलं. दर पंधरा दिवसांनी टौरंगाहून गाडी घेऊन मनुरेवात लेकाकडे, म्हणजे आमच्या घरी, यायचे, चार दिवस राहायचे आणि जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून आपले पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचेही बाप असे शोधत बसायचे. मी त्यांच्या भोवतीनं भाजी चिरायची.

घरात चहाचे मग होते, कपाटभर. प्रत्येक मगावर एक ढाल, ढालीवर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला सिंह आणि खाली ते आडनाव. सिंह कसला, पावसात भिजलेलं मांजर. "हे आमच्या घराण्याचं चिन्ह," व्याह्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मी लेकीला म्हणलं, "सरदाराच्या मगात दोऱ्याची पुडी बुडवून चहा पितात होय? दूध तरी उकळा म्हणावं." लेकीनं ते इंग्रजीत सांगितलं नाही. माझी बरीच वाक्यं ती इंग्रजीत सांगत नाही. त्यावरच आमचं घर चाललंय.

तर व्याह्यांचं म्हणणं असं, की इंग्लंडात त्याच नावाचं एक गाव आहे. एवढंसं गाव, एक चर्च, बाकी मेंढ्या. फार वर्षांपूर्वी ते गाव म्हणे यांच्या पूर्वजाच्या मालकीचं होतं. तो घोड्यावर बसून लढायचा, राजानं खूश होऊन गाव बक्षीस दिलं आणि गावाचं नाव यांचं आडनाव झालं. हे सांगताना व्याही स्वतःच घोड्यावर बसल्यासारखे खुर्चीत सरळ व्हायचे.

मी म्हणलं, "आमच्याकडे पण गावाच्या नावावरून आडनाव पडतं. पुढे 'कर' लावला की झालं. पण गावात राहणाऱ्याला कोण तसं म्हणतं? गावात सगळेच त्या गावचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक म्हणतात, अमक्या गावचा आलाय. मग तुमच्या सरदाराला गावातून हाकलला कुणी?"

हे मात्र लेकीनं सांगितलं, कारण तिलाच हसू आवरेना. व्याही हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "लढाईवर गेला असेल." मला वाटलं, शेळी-मेंढी चोरून पळाला असेल. दोघंही चुकलो होतो.

कंटाळा आला तरी माणूस वाईट नव्हता. दाराशी आला की जॅन्डल, म्हणजे इथली रबरी चप्पल, बाहेर काढायचा, माझ्या हातची भाकरी खायचा, शेजारणीनं दिलेल्या फिजोआच्या फळांची पिशवी स्वतः उचलून आत आणायचा. एकच गोष्ट मला सोसायची नाही. मला हाक मारायचे ती. मिसेस, आणि पुढे माझं आडनाव. "गुड मॉर्निंग, मिसेस अमुक." "थँक यू, मिसेस अमुक." सकाळ-संध्याकाळ, अगदी अदबीनं. ज्या माणसाचं नाव मी आयुष्यभर तोंडात येऊ दिलं नाही, त्याचं आडनाव हा गोरा मला दिवसातून दहादा नजराणा केल्यासारखं द्यायचा.

माझं आडनाव म्हणजे माझ्या नवऱ्याचं. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या हातात अंगठी दिली आणि त्यानं तांदळात माझं नवीन नाव लिहिलं. आमच्यात तशी रीत होती, सासरी आलं की नाव नवीन. ते सासूनं ठरवलेलं. का, तर लेकाच्या नावाशी बरं जुळतं म्हणून. दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ मला शिजवायला लावले. म्हणजे माझं नाव मीच रांधलं आणि सगळ्यांनी मिळून खाल्लं. माहेरचं नाव घेऊन हाक मारणारी माणसं हळूहळू गेली. शेवटचा भाऊ गेला, त्याच्याबरोबर तेही गेलं.

नवरा टेम्पो चालवायचा. लेक रांगत होती तेव्हा माल घेऊन नाशिककडे गेला, तो गेलाच. मेला नाही. मेला असता तर चार लोकांनी दोन दिवस भाजी-भाकरी तरी आणून दिली असती. त्यानं तिकडे दुसरी बाई केली आणि संसार मांडला. मला साधा निरोप नाही. सासू म्हणाली, तुझ्यातच काहीतरी कमी असणार. मी म्हणलं, असेल. पोरीला काखेत घेतलं आणि पुण्याला आले.

मार्केटयार्डात कांदे निवडायचं काम मिळालं. बारदान अंथरायचं, ढिगापुढे बसायचं. सडका एकीकडे, मोड आलेला एकीकडे, बारका गोल्टी एकीकडे, चांगला एकीकडे. लोकांना वाटतं कांद्यात बसणारी बाई दिवसभर रडत असेल. सुक्या कांद्यानं डोळ्यात पाणी येत नाही. खोकला येतो. टरफलाची धूळ छातीत जाते आणि तिथेच मुक्काम करते. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पावसाळ्यात खालून बारदान भिजायचं. लेक तिथेच गोणीवर झोपायची. मंगळसूत्र मी काढलं नाही. मार्केटात एकट्या बाईचं मंगळसूत्र म्हणजे कुत्री हाकायची काठी. त्याचा तेवढाच उपयोग झाला, तेही मणी माझ्या आईनं घेतलेले.

पोरीला शाळेत घालायला गेले तर मास्तर विचारतात, वडिलांचं नाव? आडनाव? सांगितलं. त्या माणसानं पोरीला एक फ्रॉक घेतला नाही, पण हजेरीत रोज त्याचं नाव. रेशनकार्डावर तो. नर्सिंगच्या सर्टिफिकेटावर तो. मधल्या नावात तो, शेवटच्या नावात तो. राबायला मी. पुढे लेक नर्स होऊन न्यूझीलंडला आली, तर ते आडनावही तिच्याबरोबर विमानात बसून आलं. फुकट.

पण हे मी लेकीजवळ कधी बोलले नाही. वडील सोडून गेले एवढं तिला माहीत होतं. त्यापुढे मी शिवी दिली नाही की रडले नाही. पोरीच्या कानात बापाची घाण कशाला भरायची, असं वाटायचं. गप्प राहिलं की समोरचा आपल्या मनानं काहीतरी ठरवतो. माझ्या लेकीनं ठरवलं की आईचा त्या नावावर जीव आहे.

ते कळलं दोन हजार सोळा साली. लेक बाळंत झाली. लग्न झाल्यावर तिनं मला इकडे बोलावून घेतलं होतं, तेव्हा मी घरातच होते, डिंकाचे लाडू बांधून. मुलगी झाली. व्याही टौरंगाहून गाडी पळवत आले, नातीला बघितलं, डोळे पुसले आणि पहिलं वाक्य काय बोलले? "आता आमचं आडनाव चालणार."

मी लेकीला म्हणलं, "यांना सांग, मुलगी आहे. लग्न झालं की आडनाव जाईल."

"इथे जात नाही आई. ठेवायचं तर ठेवतात."

"बरंय बाई. म्हणजे सरदाराची चिंता मिटली."

मग चार दिवसांनी दुसरंच निघालं. लेक बाळाला पाजत होती, मी बाळाची दुपटी घडी करत होते. ती म्हणाली, "आई, आम्ही डबल आडनाव लावणार आहोत. आपलं आधी, मग हायफन, मग त्यांचं."

"हायफन म्हणजे काय गं?"

"मध्ये छोटी रेघ."

"म्हणजे त्या माणसाला आणि या म्हाताऱ्याला तू एका रेघेवर बसवणार?"

"कुठल्या माणसाला? आपलं आडनाव आहे ते. मी त्याच नावानं शिकले, माझं रजिस्ट्रेशन त्याच नावाचं आहे."

"तुझं तू ठेव. पोरीला नको देऊ."

"कमाल आहे! तुझ्यासाठीच करतेय ना. तू इतकी वर्षं जपलंस म्हणून. अजून मंगळसूत्र घालतेस."

मी घडी केलेलं दुपटं मोडून परत घडी केलं. काय सांगणार? इतकी वर्षं बंद ठेवलेलं तोंड एकदम कसं उघडायचं? मी एवढंच म्हणलं, "नको गं." ती म्हणाली, "आई, प्लीज, मला झोप येतेय." जावयाला विचारलं तर तो म्हणाला, "स्वीट ॲज." म्हणजे काय, तर झकास, चालतंय. तो घरं बांधतो, चांगला कष्टाळू आहे, पण त्याला काहीही विचारा, स्वीट ॲज. छप्पर उडालं म्हणून सांगितलं तरी तेच म्हणेल.

म्हणजे आता मला नको होती ती रेघ, आणि व्याह्यांनाही नको होती. त्यांना आपलंच आडनाव पाहिजे होतं, एकट्याचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बाजूचं निघालं, तर तो हा मगवाला.

बारसं करायचं मी ठरवलं. अडचण एकच, आत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि जावई एकुलता एक. लेक म्हणाली, "माझी हॉस्पिटलमधली एखादी मैत्रीण सांगेल." मी म्हणलं, "मैत्रीण ही मावशी झाली. आत्या त्याच घरची पाहिजे. सख्खी नसली तर भावकीतली. आडनाव एक असलं म्हणजे बास."

हे व्याह्यांच्या कानावर गेलं आणि ते आनंदानं उडालेच. त्यांनी कॉम्प्युटरवरून इंग्लंडातली त्यांच्या आडनावाची एक बाई शोधून काढली होती. नातं काही लागत नव्हतं, पण आडनाव तेच. ती न्यूझीलंड फिरायला येणारच होती. व्याह्यांनी तिला थेट बारशाचं आमंत्रण दिलं. आणि वर एक अट घातली की कानात नुसतं नाव नाही, पूर्ण नाव सांगायचं, आडनावासकट. आमच्यात बारशाला आडनाव कुणी सांगत नाही. पण सरदाराच्या वंशजापुढे कोण बोलणार? लेक म्हणाली, "ठीक आहे, मग पूर्णच सांगू. रेघेसकट." म्हणजे जे काही व्हायचं ते बारशाच्या दिवशीच होणार, हे ठरलं. त्या कानात एकदा गेलं की गेलं, असं मला वाटायला लागलं. सरकारी कागद नंतर झाला असता. मला कागदाचं भय नव्हतं, त्या एवढ्याशा कानाचं होतं.

बाई आली. व्याह्यांनी तिच्यासाठी कोट घातला होता. त्यांना वाटलं असणार, बंगल्यातली, मोत्यांची माळ घातलेली कुणी येईल. आली ती गोल, लालबुंद, पायात विमानतळावर घेतलेल्या जॅन्डल. इंग्लंडात शाळेची बस चालवायची. दारातच मला मिठी मारली, आत आली आणि सिंहाचा मग हातात घेऊन खो खो हसायला लागली. "अरे देवा, तुम्ही पण घेतला हा? आमच्याकडे समुद्रावर दुकानात मिळतो. कुठलंही आडनाव सांगा, छापून देतात. माझ्या शेजाऱ्याकडे हाच सिंह आहे, फक्त हिरवा."

लेकीनं मला हळूच सांगितलं. मी पदर तोंडाला लावला. व्याही म्हणाले, ते दुकानवाले नक्कल करतात. बाई म्हणाली, "असेल असेल." मला ती तिथेच आवडली.

बारशाला लेकीच्या हॉस्पिटलमधल्या मराठी पोरी आल्या, साड्या नेसून, वर जाड जाकिटं घालून. पाळणा म्हणजे चाकांची टोपलीच होती, मी तिला झेंडूच्या माळा लावल्या. घुगऱ्या केल्या. आता आत्यानं पुढे व्हायचं, तेवढ्यात व्याही उभे राहिले. हातात सिंहाचा मग. म्हणाले, नाव सांगायच्या आधी या आडनावाचा इतिहास सगळ्यांना कळायला पाहिजे. मग झालं सुरू. घोडा, राजा, गाव. पोरी घुगऱ्या खात ऐकत होत्या. मी बाळावरची माशी हाकत होते.

गावाची मालकी आली आणि आत्याबाई एकदम म्हणाली, "मालकी? हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या आजोबांनी."

"अहो नाही! माझी आजी त्याच गावाजवळची. तिकडे सगळ्यांना माहीत आहे. आपला पहिला माणूस चर्चच्या ओसरीत सापडला. सफरचंदाच्या टोपलीत. एवढासा, दोन-तीन दिवसांचा. कुणीतरी ठेवून गेलं होतं."

एका पोरीनं घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. लेक माझ्या कानाशी मराठीत सांगत होती, तिचा आवाज बारीक होत गेला.

बाईला काही कळलंच नाही, ती आपली आनंदात. "आईबाप कोण, कुणाला ठाऊक नाही. मग आडनाव काय लावणार? तेव्हा अशा पोराला गावाचंच नाव लावायचे. गावानं आळीपाळीनं दूध घातलं, घराघरानं भाकरी दिली, मोठा झाल्यावर मेंढ्या राखायला लावलं. आपण सगळे त्या एकाचे. म्हणून तर आपण इतके थोडे!"

"दुसरी शाखा असेल तुमची," व्याही म्हणाले.

"शाखा कुठली? सगळे एका टोपलीतले."

व्याह्यांनी हातातला मग पाळण्याशेजारी ठेवला. चेहरा मुळ्यासारखा पांढरा. एवढे दिवस त्यांनी कॉम्प्युटरवर पिढ्या जोडल्या होत्या, आणि जिथे माणूस सापडत नव्हता तिथे टुणकन उडी मारून सरदाराच्या घोड्यावर बसले होते. त्या उडीच्या बरोबर खाली ती टोपली होती. ते घरामागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर, जाऊन उभे राहिले. तेवढ्यात जावई सवयीनं म्हणाला, "स्वीट ॲज." लेकीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो किचनमध्येच गेला.

आत्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "मला वाटलं त्यांना माहीत आहे."

लेक म्हणाली, "आई, आता काय करायचं? थांबवायचं का?"

मी म्हणलं, "चल माझ्याबरोबर. मी बोलते, तू सांग. आणि या वेळी सगळं सांग, गाळू नकोस."

डेकवर व्याही कुंपणाकडे तोंड करून उभे होते. पाठ पहिल्यांदाच वाकलेली बघितली. मागं न बघता म्हणाले, "लावा तुम्हाला पाहिजे ते. ते कुणाचंच नाव नाही."

मी म्हणलं, "व्याही, तुम्ही रडताय कशाला? तुमच्या त्या टोपलीतल्या पोराला गावानं नाव दिलं, आणि नावाबरोबर दूधही घातलं. माझ्या पोरीला तिच्या बापानं नुसतंच नाव दिलं."

लेकीनं हे इंग्रजीत सांगितलं. मी पुढे बोलले. "तो टेम्पो घेऊन गेला तेव्हा घरात डब्यात पीठ नव्हतं. ही रांगत होती. तो कुठे आहे ते मला दुसऱ्याच माणसाकडून कळलं. एकदा हिला न्यूमोनिया झाला तेव्हा मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याच्या बायकोनं दार उघडलं, त्यानं आतून विचारलं, कोण आहे? माझ्या लुगड्याला चिकटलेली टरफलं बघून ती म्हणाली, कांदेवाली आहे. तो म्हणाला, नको म्हणावं."

लेक थांबली.

"सांग ना," मी म्हणलं.

"आई, हे तू मला कधी बोलली नाहीस."

"आता बोलतेय. त्यांना सांग."

"त्यानं तुझा आवाज ओळखला नाही का?"

"मी बोललेच नव्हते. परत आले. पोर बरी झाली. सांग त्यांना."

तिनं सांगितलं. तुकड्या-तुकड्यानं, मध्येच नाक ओढत. हॉस्पिटलात रोज माणसांना वाईट बातम्या सांगते ती, पण इंग्रजी अडखळत होतं. व्याही आता माझ्याकडे तोंड करून ऐकत होते.

मी म्हणलं, "ते नाव मी जपलं नाही. अंगावर पडलं म्हणून वागवलं. मंगळसूत्र मार्केटातल्या हमालांसाठी होतं. माझ्या नातीच्या कानात त्या माणसाचं नाव जायला नको. तुमचं जाऊ दे. एकट्याचं, रेघ नको. टोपलीतलं असलं तरी त्या नावाच्या पोटात अख्ख्या गावाची भाकरी आहे. माझ्याकडच्या नावाच्या पोटात काय आहे? टेम्पोचा धूर."

लेक आधी हसली, मग रडली, मग सांगितलं. व्याही एक पाऊल माझ्याकडे आले. मग विचारलं, "शुअर?"

मी म्हणलं, "शुअर. हीप्स शुअर." म्हणजे अगदी नक्की. तेवढं इंग्रजी मला येत होतं.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "बरं."

आत आलो. आत्यानं बाळाच्या कानाशी तोंड नेलं, मी शिकवल्यासारखं कुर्र केलं आणि पूर्ण नाव सांगितलं. एक नाव, एक आडनाव, मध्ये काही नाही. त्याबरोबर मराठी पोरींनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. रीतच आहे तशी. बाई किंचाळली, मग हसून हसून बेजार झाली. व्याही घाबरून विचारू लागले, हिला का मारताय? लेकीनं समजावलं, नाव ठेवणाऱ्या आत्याला मारतात. या आडनावाची म्हणून ती आत्या.

व्याही म्हणाले, "आडनाव तर माझंही तेच आहे." आणि कोट काढून खुर्चीला अडकवला, पुढे आले आणि वाकले. एवढा उंच माणूस, पाळण्यापुढे दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. पोरींनी लाजत लाजत हळू घातले. मग मी पुढे झाले आणि एक घातला, चांगला सणसणीत. त्या घोड्यासाठी होता. इतकी वर्षं ऐकला होता मी तो घोडा.

पुढे ते सिंहाचे मग मी मागच्या अंगणात ओळीनं मांडले आणि त्यात कोथिंबीर लावली. व्याह्यांनी हरकत घेतली नाही. उलट टौरंगाहून उरलेलेही आणून दिले. कॉम्प्युटर अजून उघडतात, पण आता त्या टोपलीवाल्याचा काही पत्ता लागतो का ते बघतात. काय सापडणार? पण निदान शोधतात ते खऱ्या माणसाला. मधूनमधून मला विचारतात, सफरचंदाची टोपली केवढी असेल? मी हातानं दाखवते. गोण्या आणि टोपल्या मला कळतात.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेकवर बसले होते. ते बाहेर आले, सवयीनं म्हणाले, "गुड मॉर्निंग, मिसेस..." आणि तिथेच अडकले. आडनाव काही तोंडातून बाहेर येईना. तोंड उघडं ठेवून उभे. शेवटी म्हणाले, "मग तुम्हाला काय म्हणू?"

मी सासूनं ठेवलेलं नाव सांगणार होते. ओठावर आलंही. पण तेही त्या माणसाच्या अंगठीनंच तांदळात काढलेलं. मी त्यांना माहेरचं नाव सांगितलं. माझ्या आईनं ठेवलेलं. इथे लिहीत नाही, ते आता फक्त घरात वापरायचं आहे. लेकीलासुद्धा ते माहीत नव्हतं, ती खिडकीतून ऐकत होती.

व्याह्यांनी दोन-तीनदा म्हणून बघितलं. जीभ वळेना. मग आत गेले. थोड्या वेळानं किचनमधून हाक आली, त्याच नावानं, इंग्रजी वळणाची, चुकलेली, मोठ्यानं. भाऊ गेल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. मी लगेच ओ दिली नाही. त्यांनी परत मारली.

"काय आहे?" मी ओरडले.

"टी!"

जाऊन बघते तर त्याच मांजराच्या मगात दोऱ्याची पुडी बुडवलेली. मी पुडी उचलून सिंकमध्ये टाकली, गॅसवर दूध ठेवलं आणि म्हणलं, "सरका."